ओ देणारं शेवटचं घर

कोटपेठ सोडून जाणारे लोक सांगून-सवरूनच जायचे, पण ते गेले हे खरं वाटायचं दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणात पडल्या पडल्या. आमची पेठ आवाजांनी जागी व्हायची. सगळ्यात आधी घरात अव्वाची भाकरी. माझी आई आळंदकडची, कानडी मुलखातली, म्हणून आम्ही तिला अव्वाच म्हणायचो. ती ज्वारीची भाकरी पातळ थापायची आणि चुलीच्या कडेला उभी करून कडक करायची. तिच्या थापण्यामागून मोमिनांच्या मागाचा खटका सुरू व्हायचा, मग तांबटांच्या दारात पत्र्यावर हातोडी, मग तेल्याचा घाणा कुरकुरायला लागायचा, आणि शेवटी कोटाच्या बुरुजावरचे पारवे. एखाद्या सकाळी यातला एक आवाज नसायचा. अव्वाचा हात परातीवर थांबायचा. "तेली गेला," ती म्हणायची आणि पुन्हा थापायला लागायची. आता धाराशिवात माझ्या खिडकीखाली दिवसभर रिक्षा आणि मोटारसायकली ओरडत असतात. सून कावते. मला त्याचा त्रास होत नाही. गोंगाट आहे म्हणजे माणसं आहेत, एवढंच माझ्या डोक्यात येतं.

तामलवाडीच्या पुढं हमरस्ता सोडून आत गेलं की माळावर काळ्या दगडाचा कोट दिसतो, त्याच्या पायथ्याचं गाव ते कोटपेठ. कोट बहामनी सुलतानांच्या वेळचा, असं अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगायचे, आणि सांगताना छाती अशी काढायचे की जणू आमच्याच पणजोबांनी ते दगड घडवले. एकेकाळी कोटात फौज होती. फौजेला गूळ आणि तेल लागायचं ते आमच्या घरातून जायचं, म्हणून आमचं घर गुळव्यांचं. मोमिनांकडं पागोटी विणली जायची, तांबटांच्या घागरी पार गुलबर्ग्यापर्यंत जायच्या. मग राज्यं बदलत गेली. निजामाच्या अमलात आधी कोटातले शिपाई हलवले, तोफा ओढून नेल्या आणि मग कचेरीही दुसरीकडं गेली. कचेरी का गेली याची एक गोष्ट अप्पांना फार आवडायची. कुणा एका साहेबाला म्हणे इथल्या विहिरीचं पाणी बाधलं, म्हणून त्यानं हुकूम काढला. "एका माणसाच्या पोटापायी तालुका गेला बगा," असं म्हणून ते हसायचे, पण ते हसणं काही खरं नसायचं. निजाम गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता दिवस फिरतील. पण नवा रस्ता झाला तो लांबून, बाजार रस्त्याला जाऊन बसला आणि एसटी फाट्यावरूनच वळायला लागली. कुणी गाव लुटलं नाही की जाळलं नाही. लढाईत पडलं असतं तर निदान एखादा पोवाडा तरी झाला असता.

माझ्या आठवणीतली पेठ ही अशी अर्धी ओसरलेली. पण चैत्रात सिद्धेश्वराची यात्रा आली की ती एका सकाळपुरती पूर्ण व्हायची, कारण यात्रेत हाक असायची. ही हाक मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. पालखी वेशीत आणून टेकवायची. देवाची पूजा करणारे गुरवकाका वेशीच्या ओट्यावर चढायचे आणि मानाच्या एकेका घराला हाक मारायचे. "तांबटाचं घर?" की गर्दीतून उत्तर, "ओ, आलो!" "मोमिनाचं घर?" "ओ, आलो!" तेली, कोष्टी, तांबोळी, आतार, सगळी घरं व्हायची आणि शेवटी आमचं. सगळ्यांनी ओ दिला की मगच पालखी उचलायची. एका घराचा जरी ओ आला नाही तरी देव जागचा हलायचा नाही. कोटाला वेढा पडायचा त्या काळात, वेस लावून घेण्याआधी आपलं कुणी बाहेर राहिलं नाही ना हे बघायला अशी हाक मारायचे म्हणे. पुढं वेढे संपले, आणि हाक देवाला चिकटली. एकदा ऐन यात्रेच्या सकाळी तांबोळ्याची शेळी सुटली आणि तो तिच्यामागं माळावर गेला. सगळं गाव, पालखी, वाजंत्री, ऊन डोक्यावर येईपर्यंत तशीच उभी. तो शेळी खांद्यावर टाकून आला आणि दुरूनच ओरडला, "ओ, आलो, आलो!" लोक हसून हसून खाली बसले. शेळीचाही ओ घ्या, असं कुणीतरी म्हणालं. तांबोळी बिचारा पुढं कैक वर्षं त्या शेळीवरून बोलणी खात होता.

मग एक दिवस तांबटबाबा आमच्याकडं नारळ घेऊन आले. त्यांचा मुलगा दत्तू धाराशिवला नोकरीला लागला होता आणि आई-बापाला घेऊन जायचं म्हणत होता. कागदावर तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं, पण आमच्याकडची म्हातारी माणसं धाराशिवच म्हणायची. आता कागदावरही तेच झालं आहे, आणि म्हणणारी माणसं राहिलेली नाहीत. बाबा ओसरीवर टेकले आणि किती तरी वेळ गुळाच्या भावाचंच बोलत राहिले. अव्वानं चहा आणून ठेवला तोही निवून गेला.

"अप्पा, आमी चाललाव," ते शेवटी म्हणाले. "पोरगं ऐकत न्हाय. पर मानाचं काय करावं? यात्रेला येणं झालं तर झालं. न्हाय झालं तर देव आडून बसंल."

"बसत न्हाय," अप्पा म्हणाले. "तुमच्या घराचा ओ म्या देतो. तुमी परत येस्तोवर."

तांबटबाबांनी नारळ अप्पांच्या हातात ठेवला आणि डोळे पुसले. त्या वर्षी वेशीत हाक आली, "तांबटाचं घर?" आणि अप्पा म्हणाले, "ओ, आलो!" गुरवकाकांनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं, कुठलाच नियम आठवेना म्हणून की काय पण घडीभर थांबले, आणि पुढची हाक मारली. पालखी उचलली. देवानंही काही हरकत घेतली नाही.

ही गोष्ट झाली आणि पेठेला एक सोयच सापडली. जाणारं प्रत्येक घर आता नारळ घेऊन आमच्या ओसरीवर यायचं. तेली आला, कोष्टी आला, आतारांच्या घरातून तर म्हाताऱ्या बीबी स्वतः आल्या आणि "अप्पासाब, तुमच्या गळ्यात आमचं घर घालून चाललाव," असं म्हणून रडल्या. अप्पा कुणाला नाही म्हणाले नाहीत. गाव धरून ठेवायचं तर गावाचा मान धरून ठेवला पाहिजे, असं त्यांचं साधं गणित होतं. मान राहिला तर माणसं आज ना उद्या परत येतील. अव्वा त्या नारळांची खोबरं-चटणी करायची आणि कानडीत पुटपुटायची. यात्रेत मात्र भलतीच गंमत व्हायला लागली. गुरवकाका हाक मारायचे आणि दर वेळी एकाच बाजूनं, एकाच आवाजात, "ओ, आलो!" मग अप्पांना ते स्वतःलाच बरं वाटेना. ते तांबटाचा ओ घोगऱ्या आवाजात द्यायला लागले, तेल्याचा नाकातून, आतारांचा अगदी अदबीनं मान लववून. आम्ही पोरं आयांच्या पदरात तोंड घालून हसायचो. हुबेहूब करायचे हो! तेल्याचा ओ ऐकून तर मला खरोखर घाण्यावरच्या पेंडीचा वास यायचा. पालखीला खांदे द्यायला भोवतालच्या वस्त्यांवरचे धनगर यायचे. खांदा कुणाचाही चालायचा. ओ मात्र घराचाच लागायचा.

यात्रेच्या आदल्या दिवसापासून अव्वा हुग्गीच्या मागं असायची. कांडलेला गहू भिजवायचा, शिजवायचा, त्यात गूळ, खोबरं, खसखस. दुकानातली चांगली ढेप त्या दिवसासाठी अप्पा बाजूला काढून ठेवायचे. दुसऱ्या पातेल्यात येसर मसाला घालून झणझणीत आमटी. सगळ्या मानकऱ्यांचं जेवण पहिल्यापासून आमच्याकडं, आणि मानकरी गेले तरी अव्वाचं पातेलं काही लहान झालं नाही. अप्पा होऊ द्यायचे नाहीत. यातलंच एक वर्ष, पातेलं अर्ध्याच्या वर उरलेलं, धनगर जेवून गेलेले, आणि अव्वा उष्टी काढता काढता अप्पांना जे बोलली ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"आवं, एक इचारू? गाव तुमी धरलंय म्हणता न्हवं? मला तर वाटतंय तुमीच सोडवलं."

"काय बोलतीस?"

"तुमी ओ देता म्हणून लोकं बिनघोर जातेत. घर सोडलं तर मान सुटतो, असं पहिल्या दिशी तांबटाला म्हणला असता तर चार घरं तरी थांबली असती. मान सोडून जाया कुणाचा पाय उचलतोय? तुमी त्यांचा पाय हलका करून दिला."

अप्पांनी हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले. मी आज एवढी म्हातारी झाले, पण अव्वाचं खरं की अप्पांचं, याचा निवाडा मला करता आलेला नाही. दया आली म्हणून माणूस दुसऱ्याचं ओझं उचलतो, आणि ओझं उतरलं की तो दुसरा उठून चालायला लागतो. यात दोष कुणाला द्यावा? पण त्या दिवसापासून अप्पा आवाज बदलून ओ द्यायचे बंद झाले. सगळ्या घरांचा ओ आपल्याच आवाजात, खाली बघून द्यायचे.

पुढच्या चैत्रात, यात्रेच्या आधी थोडे दिवस, दत्तू तांबट आणि तेल्याचा थोरला अशी दोघं अचानक दारात उभी राहिली. अंगात इस्त्रीचे सदरे, हातात पिशवी. अप्पांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, यांना आता रडूच फुटणार. "आलाव का रं! बघ, म्या म्हणलो न्हवतो?" असं ते अव्वाकडं बघून म्हणाले आणि हुग्गीचा गहू आजच भिजवायला सांगितला. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दत्तूनं पिशवीतून सुपारी काढली, पाटावर अप्पांच्या पुढं ठेवली आणि पायांना हात लावला. धाराशिवात त्यांनी सगळ्यांनी मिळून एक छोटं देऊळ बांधलं होतं. सिद्धेश्वराची मूर्ती बसवली होती, पालखी केली होती. कोटपेठेच्या यात्रेआधीच्या सोमवारी ती पालखी निघणार होती.

"म्हाताऱ्या माणसांना लांबचं झेपत न्हाय अप्पा," दत्तू म्हणाला. "बाबा तर जागंवरच हायेत. हाक तशीच मारणार हाव, पेठेतल्यागत. मोठा मान तुमचा. तुमी आल्याबगर उचलायची न्हाय, असं बाबांनी सांगितलंय."

मानाची सुपारी परत करता येत नाही. अप्पांनी ती उचलली आणि बंडीच्या खिशात टाकली. पोरं जेवून गेली. अव्वानं भिजवलेला गहू तसाच राहिला, मग आम्ही तो चार दिवस कशाकशात घालून संपवला.

त्या सोमवारी आम्ही तिघं फाट्यापर्यंत चालत जाऊन एसटीनं धाराशिवला गेलो. अप्पांनी नवं धोतर नेसलं होतं. देऊळ एका नव्या वसाहतीत होतं, सिमेंटचं, पिवळ्या रंगाचं, समोर मांडव. आणि मांडवात सगळी पेठ! तेलीण अव्वाच्या गळ्यात पडली. आतारांच्या बीबी खाटेवर बसल्या होत्या, त्यांनी मला जवळ ओढून तोंडावरून हात फिरवला. ज्यांचे आवाज एक-एक करून आमच्या सकाळीतून गेले होते ती सगळी माणसं तिथं चहा पीत होती, बडबडत होती, कुणाचं कुणाशी भांडणसुद्धा चाललं होतं. मला इतका आनंद झाला की अप्पांकडं बघायचं मी विसरूनच गेले. मग कोष्ट्याचा एक तरणा मुलगा खुर्चीवर चढला आणि त्यानं हाक मारली, "तांबटाचं घर?"

"ओ, आलो!" दत्तू, त्याची पोरं, आणि खाटेवरून तांबटबाबाही. "तेल्याचं घर?" "ओ, आलो!" प्रत्येक घराचा ओ त्या त्या घराच्या गळ्यातून येत होता. कोवळे आवाज, म्हातारे आवाज, पोरींचेसुद्धा. अप्पांनी इतकी वर्षं यांच्या नावानं गळा फोडला, आणि खरा ओ कसा असतो ते त्यांना त्या मांडवात पहिल्यांदा आठवलं असावं. शेवटी हाक आली, "गुळव्याचं घर?" अप्पांचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. पुन्हा हाक आली. या वेळी त्यांनी पुटपुटत ओ दिला, पण मी अगदी खेटून उभी होते म्हणून मलाच काय तो ऐकू आला. "आलेत, आलेत! अप्पा आलेत!" दत्तूनं ओरडून सांगितलं आणि पालखी उचलली. लोकांनी गुलाल उधळला. परतीच्या एसटीत अव्वा एकदाच म्हणाली, "समदे खुश हायेत," आणि अप्पा म्हणाले, "व्हय. लई खुश हायेत."

आता त्याच देवळाची पालखी डीजेवर निघते. हाक कधी बंद पडली ते कुणाला सांगता येत नाही. मी एकदा दत्तूच्या नातवाला विचारलं तर तो म्हणाला, "आज्जी, कसली हाक?" मला राग आला नाही. वाईट मात्र वाटलं.

त्या वर्षी कोटपेठेत आमची यात्रा ठरल्या दिवशी झाली. पालखी वेशीत टेकली. धनगर खांदा द्यायला तयार होते, हलगी वाजत होती. गुरवकाका ओट्यावर चढले. "तांबटाचं घर?" कुणी बोललं नाही. काकांना वाटलं अप्पांचं लक्ष नाही, त्यांनी पुन्हा हाक मारली.

"त्यांनी दिला ओ, काका," अप्पा म्हणाले. "धाराशिवात. म्या माझ्या कानानं ऐकला. आता म्या कसा देऊ?"

गुरवकाका खाली उतरले नाहीत. पुढचं घर, त्याच्या पुढचं घर, अशी त्यांनी सगळ्या हाका मारल्या, आणि प्रत्येक हाकेनंतर अप्पा नुसती मान हलवत होते. हलगीवाला आपसूकच थांबला. "गुळव्याचं घर?" "ओ, आलो," अप्पा म्हणाले, नेहमीसारखं, खणखणीत. वेशीत तेवढा एकच ओ घुमला. मग काकांनी पालखीवर शेला पांघरला आणि धनगरांना सांगितलं, "उचलू नगासा. देवाला हातावर घेऊन म्याच आत नेतो." मूर्ती उराशी धरून ते अनवाणी देवळाकडं चालत गेले. त्या दुपारी धनगर पोटभर हुग्गी जेवले. आमच्या घरातलं कुणी जेवलं नाही.

महिन्याभरात अप्पांनी दुकान आवरलं आणि आम्हीही धाराशिवला जायचं ठरलं. एकेक शेजारीण गेली तसं अव्वालाही जावंसं वाटायला लागलं होतं. पण आता ती नुसती डबे पुसत राहिली आणि मधेच एखादा डबा उगाच पुन्हा पुसायची. निघायच्या सकाळी बैलगाडी वेशीत उभी होती. अव्वा वर चढून बसली होती, गाडीवान उन्हाची काळजी करत होता, आणि अप्पा दिसेनात. मला शोधायला पाठवलं. ते पेठेत होते, हातात नारळ घेऊन. गाव सोडणाऱ्यानं आपला मान कुणाच्या तरी ओसरीवर ठेवून जायचं, ही रीत. तांबटाच्या दाराला कुलूप, तेल्याच्या दाराला कुलूप, मोमिनांच्या घराचं छप्पर आत बसलेलं. सगळी पेठ चालून ते शेवटी देवळाशी आले, मी त्यांच्यामागं. गुरवकाका पायरीवर बसून फुलं निवडत होते.

"काका, आमी चाललाव," अप्पा म्हणाले आणि नारळ पुढं केला. "आमच्या घराचा ओ तेवढा तुमी..."

गुरवकाकांनी नारळाला हात लावला नाही.

"अप्पा, हाक म्या मारतो," ते म्हणाले. "मारणाऱ्यानंच ओ कसा द्यावा?"

अप्पांनी मागं वळून सगळ्या पेठेवर एकदा नजर टाकली, कुणी राहिलंय का बघावं तशी. मग ते त्याच पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. गुरवकाका फुलं तशीच टाकून त्यांच्या शेजारी बसून राहिले. मी वडिलांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, मला काय करावं सुचेना. तेवढ्यात वेशीतून अव्वाची हाक आली, "आवं, आलाव का?" अप्पांनी ओ दिला नाही. तिनं पुन्हा हाक मारली. शेवटी मीच ओरडले, "ओ, आलो गं, आलो."